भावाच्या हाडांचं उत्तर मासोळ्यांत सापडेल का?

पत्र थोडक्यात असं आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका खेड्यातली ही वाचक तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. घरी पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. मेच्या मध्यापासून दोन महिने हैदराबादच्या एका संशोधन संस्थेत काम करायला तिची निवड झाली आहे. विषय आहे सांगाड्याच्या वाढीतले जनुकीय विकार. झेब्राफिश नावाच्या माशाच्या पिल्लांना रंग द्यायचा आणि त्यांच्या कूर्चेची, म्हणजे हाडांआधीच्या मऊ, लवचिक सांगाड्याची मापं घ्यायची, हे तिच्या वाट्याचं काम. स्टायपेंड मिळणार आहे.

तिचा धाकटा भाऊ बारा वर्षांचा. पाचव्या वर्षापर्यंत तो चांगला धावायचा. मग बोटांचे सांधे जाड झाले, कंबर आखडली, आता झुलत चालतो. ती त्याला सायकलवर बसवून शाळेत सोडते. आईने पोटुशी असताना ग्रहणात विळी धरली म्हणून असं झालं, हे गावातलं बोलणं. आई ही बाबांच्या मामाची मुलगी. मोबाइलवर वाचून या वाचकाने ठरवलं आहे की भावाला अकोन्ड्रोप्लासिया (बुटकेपणा आणणारा हाडांचा जनुकीय विकार) आहे, त्याचं रक्त सोबत नेलं की प्रयोगशाळेत तपासता येईल आणि औषधही कळेल. बाबा म्हणतात, "दोन महिने मासोळ्या राखायले हैदराबादले जाते काय? त्यापेक्षा भरतीचा अभ्यास कर." आईला वाटतं, पोरगी असल्या रोगावर काम करते हे कळलं तर खानदानात खोट आहे म्हणून स्थळं फिरतील. त्यात मृगात सरकी टोबायला घरचा एक हात कमी होणार. होकार कळवायला आठ दिवस उरलेत. "भावाला सोडून जाऊ का? आणि गेले तर त्याच्यासाठी काही घेऊन येऊ शकेन का?" असं ती विचारते.

प्रिय मुली,

जा. माझ्या मनात याबद्दल शंका नाही. पण भावाला बरं करायला म्हणून जाऊ नकोस. भावाला तू निघण्याआधी दवाखान्यात न्यायचं आणि प्रयोगशाळेत तू तुझ्या शिक्षणासाठी जायचं. ही दोन कामं तू एकात गुंतवली आहेस. त्यामुळे एकीकडे भावाची तपासणी लांबते आहे आणि दुसरीकडे तुझ्या दोन महिन्यांवर असा भार पडतो आहे, जो मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही पेलवला नसता.

आधी भावाचं बोलू, कारण घाई तिथे आहे.

त्याला अकोन्ड्रोप्लासिया आहे हे तुला कुणी सांगितलं? पत्रात डॉक्टरचं नाव नाही, एक्स-रेचा उल्लेख नाही, फक्त मोबाइलवरचं वाचन आहे. तू लिहिलेल्या खुणा त्या आजाराशी जुळतही नाहीत. अकोन्ड्रोप्लासियाचं मूल जन्मतःच ओळखू येतं. दंड आणि मांड्या आखूड, डोकं मोठं, कपाळ पुढे आलेलं, हाताची बोटं आखूड आणि मधली दोन एकमेकांपासून फाकलेली. तुझा भाऊ पाच वर्षांचा होईपर्यंत इतर पोरांसारखा होता आणि नंतर त्याचे सांधे बिघडत गेले. ही वेगळी वाट आहे. शिवाय अकोन्ड्रोप्लासियाच्या दहातल्या साधारण आठ मुलांचे आईवडील सामान्य उंचीचे असतात. बदल त्या मुलातच नव्याने झालेला असतो, त्यामुळे आईबाबांचं लग्न नात्यात झालं की नाही याचा तिथे संबंध येत नाही.

हाडांच्या जनुकीय विकारांची जी जागतिक यादी तज्ज्ञ मिळून करतात, तिच्या 2023 च्या आवृत्तीत 771 विकार आहेत, 41 गटांत विभागलेले, आणि त्यांच्याशी जोडलेली 552 जनुकं. मोबाइलवर पहिल्यांदा जे नाव दिसतं ते या सातशेंमधलं सर्वांत प्रसिद्ध असतं एवढंच.

आणि जनुकाकडे जाण्याआधी पाण्याकडे बघ. तुमचा केळापूर-झरीचा पट्टा, आणि वर्धा नदीपलीकडे चंद्रपूरमधलं कोरपना, राजुरा, वरोरा, या भागात खडकातलं फ्लोराइड बोअरच्या पाण्यात उतरतं. लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत, त्यापुढचं पाणी पिण्याजोगं नाही. वर्षानुवर्षं असं पाणी पोटात गेलं, त्यात दूध-डाळ कमी, की दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, पाठ-मान आखडते, मुलांचे गुडघे एकमेकांना घासायला लागतात. तुमच्या घरच्या पाण्याचा स्रोत काय, त्यावर पिणाऱ्या इतर पोरांचे दात कसे आहेत, कुणाचे पाय वाकलेत का, हे पाहायला तुला हैदराबादला जावं लागत नाही. ग्रामपंचायतीत पाणी तपासायची किट असते, त्यात फ्लोराइडचीही तपासणी होते. पाणी उकळून प्यायलं की झालं, असं बरेच जण समजतात. उकळल्याने फ्लोराइड जात नाही, पाणी आटून उलट जास्त दाट होतं. भावाचा आजार पाण्याचा नसला तरी एवढं तपासून घ्याच.

मग सिकलसेल. आपल्याकडे त्याची ओळख सांगायला नको. रक्तपुरवठा अडून खुब्याच्या हाडाचा गोळा मरतो आणि मूल लंगडायला लागतं, हे त्यातही होतं. भावाची तपासणी झाली असेल तर कार्ड शोधा, नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्या. मुडदूस आहे. लहान मुलांचा संधिवात आहे. आणि शेवटी जनुकीय विकारांमध्ये एक असा आहे जो अगदी संधिवाताचं सोंग घेऊन येतो. तीन ते आठ वर्षांच्या दरम्यान बोटांचे सांधे जाड होतात, कंबर-गुडघे आखडतात, पण सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या नॉर्मल येतात. एक्स-रेत बोटांच्या हाडांची टोकं रुंद आणि मणके चपटे दिसतात. याचं नाव प्रोग्रेसिव्ह स्यूडोऱ्हुमॅटॉइड डिसप्लेसिया. त्याचं जनुक 1999 मध्ये सापडलं आणि भारतातल्या बऱ्याच कुटुंबांत हा विकार नोंदला गेला आहे. तुझ्या भावाला हाच आहे असं मी म्हणत नाही, पत्रावरून कुणालाच तसं म्हणता येणार नाही. पण अशी मुलं वर्षानुवर्षं वाताच्या गोळ्या खात राहतात, म्हणून हे नाव लिहून ठेव आणि डॉक्टरांना विचार.

न्यायचं कुठे? शाळांमध्ये मुलांना तपासायला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ही सोय आहे आणि पुढे पाठवण्याचं कामही त्यांचंच. मुख्याध्यापकांकडून पथकाच्या डॉक्टरांचा नंबर घे आणि जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग आणि अस्थिरोग या दोन्ही विभागांसाठी चिठ्ठी माग. दोन्ही हातांचा, कमरेचा, मणक्यांचा आणि गुडघ्यांचा एक्स-रे हवा. एकाच दुखऱ्या सांध्याचा काढून भागत नाही, कारण या विकारांत ओळख पटते ती सगळ्या हाडांची ठेवण एकत्र बघून. कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, ड जीवनसत्त्व या रक्ततपासण्या बहुतेक तेच सांगतील.

जाताना आजवरच्या सगळ्या चिठ्ठ्या आणि औषधांची रिकामी पाकिटंसुद्धा पिशवीत घाल. दुखणं थांबवायच्या नावाखाली खेड्यापाड्यांत पोरांना स्टेरॉइड दिलं जातं आणि घरच्यांना ते माहीतही नसतं. त्याने हाडं विरळ होतात, उंची खुंटते. पाकिटावर असं काही निघालं तर घाबरून एकदम बंद मात्र करू नका. त्यातही धोका असतो, डॉक्टरांना दाखवून हळूहळू कमी करायचं असतं.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचंही त्याच फेरीत विचारून या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हाडा-सांध्यांची दिव्यांगता, बुटकेपणा, सिकलसेल, हे सगळं येतं. समग्र शिक्षा योजनेत अशा मुलांना शाळेत नेण्या-आणण्यासाठी आणि सोबत्यासाठी भत्त्याची तरतूद आहे. आजवर हे काम तुझ्या सायकलने फुकटात केलं.

आता आईकडे येते. तुझ्या पत्रात मला सर्वांत जड गेलं ते तिचं ग्रहण आणि तिची विळी. इतकी वर्षं ती बाई हे ओझं वागवते आहे आणि घरातल्या कुणी ते उतरवलेलं दिसत नाही. तू प्राणिशास्त्र शिकतेस, तेव्हा हे तुझंच काम. आजार पाण्याचा निघाला तर ग्रहणाचा प्रश्नच मिटला. जनुकीय आणि अप्रभावी प्रकारचा निघाला तर जनुकाची एक सदोष प्रत आईकडून आणि एक बाबांकडून आलेली असणार, दोघांचा वाटा सारखा. दोघेही नुसते वाहक, स्वतः ठणठणीत. नात्यात लग्न झालं की एकाच पूर्वजाकडून आलेली प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. मामाची मुलगी करणं ही आपल्याकडची रीत होती, ती पाळली म्हणून कुणी गुन्हेगार होत नाही. हे बाबांच्या समोर बोल. आईला एकटीला सांगितलंस तर तिला धीर येईल, पण बाबांनी ऐकल्याशिवाय घरातलं वातावरण बदलायचं नाही.

स्थळांची भीतीही याच गणिताने तपासून बघ. समजा तो विकार अप्रभावी निघाला. तू निरोगी आहेस, म्हणून तू वाहक असण्याची शक्यता तीनात दोन आणि नसण्याची तीनात एक. वाहक असलीस तरी तुला काही होणार नाही. तुझ्या मुलांना धोका तेव्हाच, जेव्हा नवराही त्याच जनुकाचा वाहक असेल, आणि नात्याबाहेरच्या माणसात ती शक्यता फार थोडी. म्हणजे निदान झाल्यावर तुला जपायची एकच गोष्ट उरते, पुन्हा मामा-आत्याच्या घरात लग्न करायचं नाही. असा कुठला ना कुठला सदोष जनुक प्रत्येक माणसात असतो, स्थळ घेऊन येणाऱ्यांतही. तुमच्या घरात तो दिसला एवढाच फरक. निदान झालं म्हणून धोका वाढत नाही, तो कळतो आणि टाळता येतो. काय आहे तेच माहीत नसणं तुझ्या लग्नासाठी अधिक वाईट.

रक्ताची बाटली पिशवीत घालून हैदराबादला नेण्याचा विचार मनातून काढून टाक. माणसाच्या नमुन्यावर संशोधन करायचं तर संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागते, लेखी संमती लागते, मूल लहान असेल तर पालकांची आणि कळत्या वयाच्या मुलाची स्वतःचीही. माशांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेला ही परवानगी असेलच असं नाही, आणि पाहुण्या विद्यार्थिनीने आणलेली नळी तिथल्या प्रमुखांना अडचणीत टाकेल. आणि संशोधनातला निकाल म्हणजे दवाखान्याचा रिपोर्ट नसतो, त्यावर उपचार ठरवता येत नाही. जनुकीय तपासणी करायचीच तर एक्स-रे बघून, कुठल्या गटातला विकार वाटतो हे ठरल्यावर, जनुकतज्ज्ञाच्या सल्ल्याने. दुर्मिळ आजारांच्या 2021 च्या राष्ट्रीय धोरणाखाली जी केंद्रं नेमली आहेत त्यांत मुंबईचं केईएम आहे आणि हैदराबादचं सीडीएफडी ही जनुकीय तपासण्यांची सरकारी संस्थाही आहे, तिथल्या निम्स रुग्णालयासोबत. तुमच्याच पांढरकवड्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 हैदराबादला पोचतो. एक्स-रे हातात आले आणि डॉक्टरांनी पुढे पाठवलं, तर तू तिथे असताना आईबाबा भावाला घेऊन येऊ शकतील. त्याच्यासाठी तुझ्या जाण्याचा प्रत्यक्ष उपयोग झालाच तर तो असा होईल.

औषधाच्या आशेबद्दल मी गोड बोलणार नाही. हाडांच्या जनुकीय विकारांत सर्वांत नीट समजलेला म्हणजे तू वाचलेला तोच अकोन्ड्रोप्लासिया. त्याचं कारण 1994 मध्ये सापडलं: एफजीएफआर3 नावाच्या जनुकात एक अक्षर बदलतं आणि प्रथिनातल्या 380 व्या जागी ग्लायसीन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनीन बसतं. 1996 मध्ये उंदरांतून हे जनुक काढून टाकलं तर त्यांची हाडं जास्तच लांब झाली. त्यावरून कळलं की हे जनुक हाडाच्या वाढीला लावलेला ब्रेक आहे आणि आजारात तो ब्रेक दाबलेलाच राहतो. 2004 मध्ये जपानी गटाने उंदरांत दाखवलं की सीएनपी नावाचं, शरीरातच तयार होणारं एक प्रथिन कूर्चेत वाढवलं तर ब्रेक सैल होतो. त्यावर बेतलेलं वोसोरिटाइड हे औषध युरोप-अमेरिकेत मंजूर व्हायला 2021 उजाडलं. सत्तावीस वर्षं गेली. तेही रोज इंजेक्शन, भरमसाट महाग, आणि हाडांच्या टोकांच्या वाढीच्या पट्ट्या उघड्या आहेत तोवरच उपयोगी. एवढ्या काळात शेकडो लोकांनी यात हात घातला आणि त्यातल्या बहुतेकांची कामं तुझ्यासारखीच होती. कुणी उंदरांच्या पायांची हाडं मोजली, कुणी काचपट्ट्या रंगवल्या. दोन महिन्यांत तू भावासाठी औषध आणणार नाहीस. हे आज मान्य केलंस तर जुलैत रिकाम्या हाताने आले म्हणून रडायची वेळ येणार नाही.

मग तिथे जाऊन करायचं काय? हे सविस्तर सांगते, कारण बाबांच्या "मासोळ्या राखायले" या शब्दांची लाज तुलाही थोडी वाटते आहे, असं तुझ्या पत्रातून जाणवलं.

झेब्राफिश हा आपल्याकडच्याच ओढ्या-नद्यांतला मासा, बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर आडव्या निळ्या पट्ट्या. सकाळी दिवे लागले की मादी अंडी घालते. अंडी शरीराबाहेर फळतात आणि पारदर्शक असतात, म्हणून आत काय घडतं ते सूक्ष्मदर्शकाखाली दिवसागणिक दिसतं. पाचव्या दिवशी पिल्लू तीन-चार मिलिमीटरचं असतं आणि त्याच्या जबड्याच्या कूर्चा तयार झालेल्या असतात. तू ती पिल्लं रसायनात टिकवून त्यांच्या अंगाचा काळा रंग घालवशील आणि अल्शियन ब्लू नावाच्या रंगात ठेवशील. हा रंग फक्त कूर्चेला धरतो. धुऊन ग्लिसरीनमध्ये घेतलं की बाकी शरीर काचेसारखं होतं आणि त्यात खालच्या जबड्याची निळी कमान उमटून दिसते. भिंग वाढवलंस की पेशी दिसतील. निरोगी पिल्लात त्या एकावर एक, ओळीत रचलेल्या, चपट्या असतात. जनुक बिघडलेल्या पिल्लात ओळ मोडते, पेशी गोल राहतात, कमान आखूड भरते. आपल्या मांडीच्या हाडाच्या टोकाशी जी वाढीची पट्टी असते तिथेही कूर्चेच्या पेशी अशाच रांगेत उभ्या राहून हाड लांबवतात. माणसाच्या साधारण सत्तर टक्के जनुकांना या माशात जोडीदार जनुक आहे आणि कूर्चा घडवणारी मुख्य जनुकं त्यांत येतात. मर्यादाही आहे. पाण्यात तरंगणाऱ्या माशाला आपल्यासारखं वजन पेलणारं मांडीचं हाड नसतं, त्यामुळे माशात दिसलेलं सगळं माणसाला लागू पडत नाही. हे तिथल्या चर्चेत विचारायला भिऊ नकोस.

खरं शिक्षण मोजण्यात आहे. दोन वाहक माशांची जोडी लावली की पिल्लांत चौथाई आजारी निघायला हवीत. तुझ्या घरातलं गणित आणि त्या टाकीतलं गणित एकच, मेंडेलचं. पण मोजताना कुठलं पिल्लू कुठलं हे तुला माहीत असता कामा नये. पिल्लांना नुसते क्रमांक द्यायचे, लांबी मोजून वहीत उतरवायची आणि त्यानंतर त्यांचं जनुक तपासायचं. आधी माहीत असलं की आजारी पिल्लाची कमान आपल्याही नकळत थोडी आखूड मोजली जाते. मोबाइलवर वाचून तू भावाचं जे निदान केलंस त्यात नेमकं हेच घडलं होतं. नाव आधी ठरलं आणि खुणा नंतर जमवल्या. दोन महिन्यांत ही एक सवय अंगी बाणली तरी तुझं जाणं वाया गेलं असं मी म्हणणार नाही. काही आठवडे पिल्लं मरतील, जनुक तपासायच्या जेलवर काही दिसणार नाही, रंग जास्त चढेल. ते सगळं तारीख घालून वहीत लिही. इंग्रजीत अडलीस तर रात्री मराठीत लिही आणि सकाळी तिथल्या कुणाकडून शब्द विचारून घे. विदर्भाच्या कॉलेजातून येणाऱ्या मुली इंग्रजीला घाबरून चर्चेत गप्प बसतात आणि मग त्यांना काही समजत नाही असा ग्रह होतो, याचं मला फार वाईट वाटतं.

बाबांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पाच एकर कोरडवाहूवर दोन मुलं, त्यातलं एक आजारी. त्यांना पगार डोळ्यांसमोर हवा. संशोधनाची वाट लांब आहे हे खरं: एम.एस्सी., त्यानंतर सीएसआयआर-यूजीसी नेट ही राष्ट्रीय परीक्षा. ती पार पडली तर महिना 37 हजारांची फेलोशिप, पण जागा थोड्या आणि मुलं पुष्कळ. पण दोन महिने म्हणजे जन्माची गाठ नव्हे. भरतीचा अर्ज जुलैनंतरही भरता येतो. ही संधी दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यातच उपयोगाची, कारण तिसऱ्या वर्षी तू एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षांत असशील. तिथे पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची पद्धत), जेल, सूक्ष्मदर्शक हाताळलेली मुलगी पुढे तपासणी-प्रयोगशाळेत, शिक्षकी पेशात, जनुकीय समुपदेशनात, कुठेही त्याचा उपयोग करू शकते. तिकडे राहून हे काम आपलं नव्हे असं वाटलं, तर तेही दोन महिन्यांत कळलेलं बरं.

बाबांशी बोलायला निवडीचं पत्र घेऊन बस. मुलींचं वसतिगृह कुठे, मेसचे पैसे किती, प्रमुखांचा फोन कोणता, हे कागदावर लिहून दे. बापाचा नकार बऱ्याचदा न दिसणाऱ्या जागेला असतो. स्टायपेंड कधी हातात येतो हे आजच विचार, कारण पुष्कळ ठिकाणी तो काम संपल्यावर मिळतो आणि पहिल्या महिन्याचा खर्च पदरचा करावा लागतो. तेवढे पैसे उभे राहात नसतील तर प्राचार्यांना भेट. सरकी टोबायला एक बाई लावावी लागेल, तिची मजुरी स्टायपेंडमधून फेडायचं बाबांना आधीच सांगून टाक. हिशेब तोंडाने झाला की तंटा निम्मा होतो. शाळेचंही बघ, आपल्या विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे तुझ्या सायकलची उणीव भावाला दोन-तीन आठवडेच भासेल. तेवढ्यापुरता चुलतभाऊ किंवा शेजारचं कुणी बघून ठेव.

ज्या मुलामुलींना असं निवडीचं पत्र आलेलं नाही, पण हा विषय ओढून घेतो, त्यांच्यासाठीही दोन शब्द. एफजीएफआर3 चा सगळा क्रम इंटरनेटवर फुकट आहे. कॉलेजच्या संगणकावर बसून 380 वा कोडॉन, म्हणजे एका अमिनो आम्लाचा तीन अक्षरी संकेत, शोधा. तिथे जीजीजी असतं, आजारात एजीजी होतं. त्या एका अक्षराने एसएफसी-वन या कात्री-विकराला (डीएनए कापणाऱ्या एन्झाइमला) कापायची नवी जागा तयार होते, म्हणूनच साध्या पीसीआरवर हा बदल ओळखता येतो. हे कागदावर काढून बघा, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. फील्ड प्रोजेक्टला विषय हवा असेल तर गावातल्या प्रत्येक बोअरचं फ्लोराइड मोजून नकाशा करा आणि ग्रामसभेत ठेवा. पाण्याचे नमुने घ्यायला अडचण नसते. लोकांचे दात, हाडं, रक्त तपासायचं म्हटलं की मात्र आधी परवानगी.

पुन्हा तुझ्याकडे. तुझ्या पत्रात बाबांचं मत आहे, आईचं आहे, गावाचं आहे. भावाचं नाही. बारा वर्षांचा मुलगा आहे तो. त्याला काय दुखतं, कधी जास्त दुखतं, शाळेत कुठल्या पायरीशी अडतं, तू गेलीस तर त्याला कसं वाटेल, हे त्याला विचारलंस का? एक्स-रेला जाताना त्याला काय होणार ते समजावून सांग. आणि त्याने "ताई, तू मला बरं करायला चालली का?" असं विचारलं तर हो म्हणू नकोस. मासे कसे वाढतात ते शिकायला चालले, असं सांग. तेच खरं आहे, आणि मुलांना ते समजतं.

होकाराचा मेल उद्याच पाठव. त्यात वसतिगृह, स्टायपेंडची तारीख आणि जाण्याआधी वाचायचे दोन-तीन निबंध, एवढं विचार. मग मुख्याध्यापकांकडे जाऊन पथकाच्या डॉक्टरांचा नंबर घे. मे लागण्याआधी एक्स-रे झाले पाहिजेत. फिल्मचे मोबाइलवर फोटो काढून ठेव, मूळ फिल्म घरी सपाट ठेवा, घडी घालू नका.